वर डावीकडे, टेकेपर्यंत

टिक्.

घर इतकं शांत होतं, की एवढासा आवाजही स्वयंपाकघरापर्यंत गेला. भांडी पुसणारी सूनबाई हात थांबवून ऐकू लागली. कॉम्प्युटरच्या पंख्याची घरघर हळूहळू उतरत गेली, मग तीही संपली, आणि आजी खुर्चीवरून उठल्या.

"केलं गं बंद," त्या म्हणाल्या. दिवसभरात त्या आपण होऊन तेवढंच बोलत असत.

मित्रांनो, तो आवाज माझा होता. मी एक जुना माऊस आहे. शेपटी आहे म्हणून लगेच पाय वर घेऊन बसू नका. ती वायरची आहे आणि तिचं टोक कॉम्प्युटरच्या पाठीत खोचलेलं आहे. माझ्या हल्लीच्या भावंडांच्या पोटात लाल दिवा असतो, काहींना तर शेपटीही नसते. माझ्या पोटात गोटी आहे, रबर चढवलेली, द्राक्षाहून मोठी आणि लिंबाहून लहान. मला ढकललं की ती फिरते, ती फिरली की तिला टेकलेल्या दोन बारीक दांड्या फिरतात, आणि पडद्यावरचा बाण हलतो म्हणे. 'म्हणे' अशासाठी, की मी पडदा कधी पाहिलेला नाही. मी जन्मभर उपडा. लोक काय बोलतात ते ऐकू येतं आणि हात कळतात, एवढंच.

म्हणून ही गोष्ट हातांची आहे. सुखदुःख मला फारसं समजत नाही. हात जड आहे की हलका, घाईत आहे की विसावलेला, येतो आहे की यायचा थांबला आहे, हे मात्र माझ्याइतकं कुणाला समजत नसेल.

माझा जन्म एका लांबलचक खोलीत झाला. सरकत्या पट्ट्यावरून आम्ही एकामागोमाग एक पुढे जात होतो. पट्ट्याच्या शेवटी एक बाई बसलेली असे. प्रत्येकाचं डावं बटण दाबायचं, उजवं दाबायचं आणि कानाशी नेऊन हलवायचं, हे तिचं काम. माझी गोटी वाजली तशी ती शेजारणीला म्हणाली, "हा बरा बोलतो," आणि तिनं मला खोक्यात घातलं. आयुष्यातलं ते माझं पहिलं कौतुक. त्यानंतर पुष्कळ दिवस काळोख होता.

खोकं उघडलं तेव्हा मी एका दुकानात होतो, आणि ज्या हातात आलो तो हात मला लगेच आवडला. कोरडा, उबदार, बोटांची टोकं घासून गुळगुळीत झालेली. ते आबा होते. आबा कुलूपं दुरुस्त करायचे. रस्त्याच्या कोपऱ्यावर त्यांचं दुकान होतं, दाराएवढंच रुंद, आणि आत टांगलेल्या चाव्या वाऱ्यानं किणकिणायच्या. विकणाऱ्यानं आमच्यातले दोघे-तिघे पुढे ठेवले. आबांनी एकेकाला कानाशी नेऊन हलवलं.

"काका, तो माऊस आहे, नारळ नाही," विकणारा म्हणाला.

"दोन्हीला आतूनच तपासायचं असतं," आबा म्हणाले. "हा द्या. याची गोटी मोकळी आहे."

घरी आल्यावर आबांनी कॉम्प्युटरमधलं आधीचं सगळं पुसलं आणि लिनक्स घातलं. लिनक्स म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी एक प्रणाली. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली, फुकट, आणि आतलं सगळं उघडं ठेवलेली. बियाण्यांची असतात तशी तिचीही पुष्कळ वाणं असतात. आबांनी निवडलेल्या वाणाचं नाव होतं पाखरू, आणि त्याच्या दर नव्या आवृत्तीला एकेका पक्ष्याचं नाव असायचं.

"सगळ्यांकडे असतं तेच आपल्याकडे का नको?" आजींनी विचारलं.

"ज्या पेटीचं कुलूप मला उघडता येत नाही, ती पेटी माझी कशी?"

"मग बसा उघडत. पण जेवायच्या आधी बंद झालं पाहिजे."

"बंद तू कर," आबा म्हणाले. "सुरू मी करीन, बंद तू करायचं. म्हणजे भांडणच नको."

असं ठरलं, आणि ठरलं ते ठरलं. सकाळी आबा सुरू करत. दिवे लागायच्या वेळी आजी ओले हात पदराला पुसत येत आणि बंद करत. पहिल्या पहिल्यांदा त्या मला ओट्यावरच्या फडक्यासारखं चोळायच्या. मी टेबलाच्या कडेला जाऊन लोंबायचो.

"अहो, टेबल संपलं!"

"उचल आणि परत मध्ये ठेव."

"उचललं तर बाण पडेल ना."

आबा हसून हसून खुर्चीवरून घसरले. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी बंद करायची खूण हलवून पडद्याच्या अगदी कोपऱ्यात नेऊन बसवली. "आता वर डावीकडे ढकलत जा, टेकेपर्यंत. कोपरा आला की बाणाला पुढे जायला जागाच नाही. मग दाब. डोळे मिटूनही जमेल."

जमलं. काही दिवसांनी आजी खरोखरच खिडकीतून खाली बघत, कुणाशी तरी बोलत बंद करू लागल्या. वर डावीकडे, टेकेपर्यंत, टिक्. आजींच्या हाताला जितकी मिठाची बरणी पाठ होती तितकीच ती वाट पाठ झाली.

नवी आवृत्ती आली की घरात मोठी गंमत असायची. पाखरू वापरणाऱ्यांचा इंटरनेटवर एक फोरम होता. तिथे सगळे टोपणनावांनी लिहायचे. आबांचं नाव 'कुलूपकाका'. आवृत्ती निघाली की चार-आठ दिवस तिथे नुसता कल्ला. आबा सकाळचा चहा घेत मोठ्यानं वाचून दाखवत आणि आजी भाजी निवडत ऐकत.

"हा बघ, हा म्हणतो, छान केलंय, पण कुणी सांगितलं होतं?"

"बरोबर आहे त्याचं."

"ही लिहिते, नवा रंग पाहून नवऱ्याला वाटलं कॉम्प्युटरला कावीळ झाली. आणि हा आला आपला नेहमीचा. 'बस्स. मी पाखरू कायमचं सोडून चाललो.'"

"मागच्या वेळी गेलेला ना तो?"

"दर वर्षी घर सोडतो आणि दर वर्षी जेवायला हजर."

वाचून झालं की आबा उत्तरं लिहायला बसत. लोक तावातावानं लिहायचे की अमुक हरवलं, तमुक बिघडलं. आबांचं उत्तर मात्र नेहमी एकाच वाक्यानं सुरू व्हायचं, आणि टाइप करताना ते पुटपुटत असल्यानं मलाही ते पाठ झालं होतं. 'आधी सांगा, तुमचा हात सवयीनं कुठे जातो?' ते सांगितल्याशिवाय ते पुढे लिहीत नसत. आजींना म्हणायचे, "अगं, निम्म्या लोकांचं काही हरवलेलंच नसतं. हात जुन्या जागी जातो आणि रिकामा परत येतो, त्याचा राग असतो तो."

स्वतःच्या घरी नवी आवृत्ती घालताना त्यांची एक रीत होती. सगळं घालून झालं की ते आजींना हाक मारत. "ये, हात दे." आजींचा हात माझ्यावर, त्यावर आबांचा. काय बदललं असेल ती वाट ते तसेच हात धरून फिरवून आणत, पुन्हा पुन्हा. आजी म्हणत, "कळलं हो, कुणी बघेल." आबा म्हणत, "हाताला कळू दे." ही तालीम दुसऱ्या कुणी पाहिली नाही. दार लोटलेलं असायचं, आणि मी उपडा.

आणखी एक सांगायचं राहिलं. माझ्या पोटात धूळ जाते. गोटी टेबलावरचा कचरा गोळा करते आणि आतल्या दांड्यांवर त्याची काळी वळी चढते. मग बाण अडखळतो. आबा मला उताणा करून पोटावरची चकती फिरवत, गोटी काढत आणि हात पुढे करत. "आकडा दे गं."

"केसांतला आकडा काय कचरा काढायला असतो?"

"माझ्या सगळ्या हत्यारांत तोच बारीक आहे."

आजी कुरकुरत आकडा काढून देत. आबा धूळ खरवडत, फुंकर मारत आणि आकडा शर्टाला पुसून परत करत. एकदा अशी गोटी काढून ठेवली होती आणि ती नाहीशी झाली. रांगणारी नात तिला घेऊन पसार झाली होती. सगळं घर पालथं घातल्यावर गोटी आबांच्या बुटात मिळाली आणि नात तिच्या शेजारी बसलेली. तेव्हापासून नातीचंच नाव गोटी पडलं. तिचा बाबा मालवाहू जहाजावर काम करतो. घरी कमी, फोनवर जास्त. गोटी वाढली ती आई, आजी आणि आबांच्या हातांखाली, म्हणजे माझ्याच आसपास.

मग एका सकाळी मला कुणी हलवलं नाही.

दुपारीही नाही. घरात खूप पावलं वाजली. मी ज्यावर सरकतो त्या छोट्या गादीवर कुणीतरी चहाचा कप ठेवला आणि तो तिथेच गार झाला. लोक हळू आवाजात बोलत होते. झोपेतच गेले, बरं झालं, त्रास झाला नाही. दुकानाच्या चाव्या कुणीतरी टेबलावर, माझ्या शेजारी आणून ठेवल्या. त्या वाजल्या नाहीत. जहाजावरून मुलाचा फोन आला.

पावलं कमी झाली. दिवे लागायची वेळ झाली. आजी आल्या, खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी मला हातात धरलं. वर डावीकडे ढकललं, टेकेपर्यंत. दाबलं. कॉम्प्युटर सुरूच नव्हता. त्या तशाच बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "केलं बंद," आणि उठून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सूनबाईनं कॉम्प्युटर सुरू केला.

तिला तेव्हा काही काम नव्हतं. तिनं नुसता सुरू केला आणि कणीक मळायला गेली. दिवसभर पंखा घरघरत राहिला. संध्याकाळी आजी आल्या आणि त्यांनी बंद केला. तिसऱ्या दिवशी तसंच. मग रोजच तसं. आजी फिरायला जाणं सोडून बसल्या, शेजारी जाणं थांबलं. जेवण पुढे ठेवलं तर जेवत, नाही ठेवलं तर मागत नसत. फक्त दिवे लागायच्या वेळी त्यांच्या खोलीचं दार वाजायचं आणि चपला ओढत त्या माझ्यापर्यंत यायच्या. एकदा त्यांनी विचारलं, "रोज सुरू करतेस, करतेस काय त्यावर?"

"काम असतं, आजी." गोटीमुळे सूनही त्यांना आजीच म्हणू लागली होती.

"सुट्टीच्या दिवशीही?"

सूनबाई कुकर बंद करायला आत गेली.

पुढे तिला खरंच काम मिळालं. एका दंतवैद्याकडे येणाऱ्या लोकांच्या वेळा लावून द्यायच्या, घरी बसून. गोटी शाळेत गेली की ती माझ्याशी बसायची. तिचा हात हलका आणि घाईचा, एक कान सतत कुकरकडे. माझं पोट साफ करायचं तिला माहीत नव्हतं. आतली वळी जाड होत गेली. बाण अडखळू लागला तसा ती मला आपटू लागली. मला काही वाटलं नाही. ती कुणावर तरी रागावत होती हे चांगलंच होतं. त्या घरात बाकी कुणी रागावतही नव्हतं.

आबांनी घातलेली आवृत्ती तशीच राहिली. तिचं नाव टिटवी. पडद्यावर अधूनमधून सूचना यायची की टिटवी आता जुनी झाली, नवी घ्या. सूनबाई ती वाचायची, "नको," म्हणायची आणि मिटवून टाकायची. पण एका सकाळी दंतवैद्याचा फोन आला.

"ताई, एकच वेळ तिघांना दिली गेलीय. तिघंही इथे एकाच खुर्चीकडे बघत बसलेत."

"मी नाही दिली डॉक्टर. माझ्याकडे वेळांचं पान उघडतच नाहीये."

"अहो, मग काहीतरी करा. माझेच दात दुखायला लागलेत."

पान उघडत नव्हतं कारण टिटवी फार जुनी झाली होती. नवी आवृत्ती घेण्यावाचून इलाज नव्हता. तिचं नाव धनेश. सूनबाईनं सगळं नीट केलं. फोटोंच्या, आबांच्या कागदांच्या प्रती काढल्या, जहाजावर फोन करून नवऱ्याला विचारलं, आणि मग छातीवर हात ठेवून होकाराचं बटण दाबलं. ते बटण मीच, त्यामुळे तिचं बोट किती वेळ वर थांबलं होतं हे मला माहीत आहे. दुपारपर्यंत धनेश बसला. दंतवैद्याचं पान उघडलं. तिघांच्या वेळा वेगवेगळ्या झाल्या. ती सुस्कारा टाकून गोटीला शाळेतून आणायला गेली.

एक गोष्ट राहिली. हात धरून नवी वाट दाखवायची राहिली. तिला ती रीत ठाऊकच नव्हती. मला ठाऊक होती, पण मला त्यांच्याशी बोलता येत नाही.

संध्याकाळी आजी आल्या. बसल्या. हात वर डावीकडे गेला. धुळीनं अडखळत गेला, पण टेकला. मी अजून दाबलाही गेलो नव्हतो आणि आजींच्या तोंडून "अगं बाई!" निघालं. धनेशमध्ये त्या कोपऱ्याला नुसतं टेकलं, की उघड्या असतील नसतील त्या सगळ्या खिडक्या पडदाभर पसरतात. आजींना त्यातलं काही समजलं नाही. त्यांनी मला मागे ओढलं आणि पुन्हा ढकललं. सगळं जवळ आलं आणि परत फाकलं.

"सूनबाई, हे बंद करायला गेले तर सगळं उघडतंय."

"थांबा आजी, मी बघते, नवीन घातलंय ना आज..."

"नवीन?" आजींचा हात माझ्यावरच होता. तो जड झाला आणि मग उचलला गेला. "असू दे. तूच कर बंद."

दुसऱ्या दिवशी आजी आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही त्यांच्या खोलीचं दार वाजलं नाही. सूनबाई दारात जाऊन म्हणाली, "आजी, बंद करता ना?" आतून आवाज आला, "कर गं तूच. मला काही येत नाही त्यातलं." गोटी बोलवायला गेली तर तिला जवळ घेऊन नुसतं थोपटलं. जेवायलाही त्या ताट आत मागू लागल्या. सूनबाई रोज स्वतःच बंद करायची आणि बंद केल्यावर हात माझ्यावरून काढायची नाही. मला तेव्हा कळलं, की ती रोज सकाळी जे सुरू करत होती ते कॉम्प्युटर नव्हतं. आणि ते आता सुरू होत नव्हतं.

मग एका दुपारी तिनं तो फोरम उघडला. गोटी टेबलाखाली बाहुलीला आंघोळ घालत होती. सूनबाई स्वतःशीच वाचत होती, पुटपुटत, आबांसारखीच. धनेशवरचा कल्ला ह्या वेळी अजून संपला नव्हता. कुणाला खुणा फार मोठ्या वाटत होत्या, कुणाला फार लहान. एकानं लिहिलं होतं, घड्याळ मधोमध कशाला आणलं, मला काय काम सोडून घड्याळच बघत बसायचंय? आणि मग ती थांबली आणि तिच्या हातातून मला एक हलकासा धक्का बसला. "'बस्स,'" तिनं वाचलं, "'मी पाखरू कायमचं सोडून चाललो.'" बऱ्याच दिवसांनी त्या घरात कुणी हसलं होतं, आणि तेही एवढंसंच.

तिनं लिहिलं. बोलत बोलत लिहिलं, म्हणून मला सांगता येतं. "बंद करायची खूण वर डावीकडे कोपऱ्यात होती. आता तिथे गेलं की सगळं उघडतं. आमच्या घरातल्या आजींना दिवसातून एकदा कॉम्प्युटर बंद करायचा असतो. बाकी काही करायचं नसतं. कृपया मदत करा."

आधी आली ती नेहमीची उत्तरं. बदलाला घाबरू नका. दिवसातून एकदाच लागतं तर भिंतीवरचं बटण बंद करा. आम्ही सगळं हातानं टाइप करायचो, आमचं काही अडलं नाही. सूनबाईचा हात थंड पडत गेला. मग 'सुताराची मुलगी' नावाच्या कुणीतरी लिहिलं, आणि सूनबाईनं पहिलं वाक्य वाचलं मात्र, तिचं बोट माझ्यावर थिजलं.

"'आधी सांगा,'" तिनं हळूच वाचलं, "'त्यांचा हात सवयीनं कुठे जातो?'"

टेबलाखालून गोटी म्हणाली, "आबा!"

"नाही गं. दुसरं कुणीतरी आहे."

पुढचं तिनं भरभर वाचलं. 'असं आधी विचारायचं हे मला इथे कुलूपकाकांनी शिकवलं. माझ्या वडिलांचा हात थरथरायला लागला, तेव्हा काकांनी मला आठवडाभर समजावून सांगितलं होतं. खूण जुन्या जागी परत आणता येते, कशी ते खाली लिहिते. पण काका म्हणायचे, आधी एकदा हात धरून नवी वाट दाखवून बघा. त्यांच्या घरी ते असंच करतात म्हणे.'

नंतरचं तिनं मोठ्यानं वाचलं नाही. माझ्याकडे मधलं चाक नाही, खाली जायचं तर कडेची पट्टी दाबून ओढावी लागते. तिनं ती ओढली आणि तशीच धरून ठेवली. मग ते पान तसंच उघडं ठेवून ती उठली.

मित्रांनो, एवढंच सांगण्यासाठी मी बोलायला बसलो होतो. नवं आणू नका असं मी म्हणत नाही, माझ्या म्हणण्यानं कोण थांबणार आहे? टिटवी गेली, धनेश आला, धनेशही जाईल. मीही जाईन, शेपटीसकट. पण घरात ज्याच्या हाताला जुनी वाट पाठ आहे, त्याला नुसतं 'सोपं आहे हो' म्हणून सोडू नका. त्याचा हात धरा. आणि माझ्यासारखं कुणी जुनं कोपऱ्यात पडलं असेल, तर त्याला आपटण्याआधी एकदा उताणं करून बघा. पुष्कळदा आत फक्त धूळ असते.

त्या संध्याकाळी सूनबाई आजींच्या खोलीत गेली. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. चपला ओढल्याचा आवाज मात्र आला. आजी बसल्या.

"परत आणलंस का तिथे?" त्यांनी विचारलं.

"आणता येतं. आणू?"

"नको. ते कधी परत आणायचे नाहीत. दाखवायचे."

"माहीत आहे," सूनबाई म्हणाली. "म्हणजे, आजच कळलं. हात द्या."

माझ्यावर आजींचा हात आला. त्यावर सूनबाईचा. दोन हातांचं वजन मी विसरून गेलो होतो. वाट आता उलटी होती, वर उजवीकडे. तिथे एक छोटी पेटी उघडते, त्यात खूण, खुणेत नाव. आम्ही निघालो आणि अर्ध्यात अडखळलो. पुन्हा निघालो, पुन्हा अडखळलो. सूनबाई म्हणाली, "हा माऊसच गेलाय आता. नवीन आणू या."

"थांब जरा."

आजींनी मला उचललं आणि उताणा केला. आबा गेल्यापासून मी छत पाहिलं नव्हतं. त्यांनी पोटावरची चकती फिरवली, एकदा चुकीच्या बाजूला आणि मग बरोबर. गोटी निसटून त्यांच्या तळव्यावर पडली. "धर गं," त्या नातीला म्हणाल्या, आणि गोटीनं गोटी मुठीत घट्ट धरली. मग आजींचा हात स्वतःच्या डोक्यामागे गेला. केसांतून आकडा निघाला.

त्या सावकाश खरवडत होत्या. काळी वळी सुटून टेबलावर पडत होती, धागे, भुगा, आणि मध्येच काहीतरी पिवळट चमकणारं. चाव्यांच्या पितळेचा कीस असेल. आजींनी फुंकर मारण्यासाठी मला तोंडाजवळ नेलं आणि मारली नाही. ती चमक बोटाच्या टोकावर टिपली, थोडा वेळ पाहिली, आणि बोट पदराला पुसलं. मग फुंकर मारली. नातीनं मूठ उघडली, गोटी आत गेली, चकती बसली, आणि मी परत उपडा झालो.

आता वाट मोकळी होती. दोन्ही हात वर उजवीकडे गेले. पेटी उघडली. पुन्हा गेले. पुन्हा उघडली. "हाताला कळू दे," आजी स्वतःशीच म्हणाल्या. मग सूनबाईनं आपला हात काढून घेतला आणि आजी एकट्या गेल्या.

"बरोबर. आता ते नाव दाबलं की बंद," सूनबाई म्हणाली.

पण पडद्यावर फोरमचं ते पान अजून उघडंच होतं. अक्षरं जोडून वाचायला नुकतीच शिकलेली गोटी खुर्चीच्या दांडीवर चढली आणि प्रत्येक शब्दावर थांबत वाचू लागली, म्हणून शेवटी मलाही ते कळलं.

"'कु-लूप-का-का... ह्या वेळी... नव्या आ-वृत्तीवर... काहीच बोलले नाहीत. असं कधी होत नाही. कुणाला माहीत आहे का... ते कुठे आहेत?'"

आजींचा हात माझ्यावर होता. बाण नावावर होता आणि बोट माझ्या बटणावर टेकलेलं होतं. दाबलं नव्हतं.

"आई, ती विचारतेय," गोटी म्हणाली. "लिही ना. आबा कुठे आहेत?"